कोयनेचा उजेड, ओगलेवाडीचा कंदील

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत वीज जात नाही, 'लाइट' जाते. ती स्त्रीलिंगी आहे आणि माहेरवाशिणीसारखी येते-जाते. कधी सांगून जाते, बहुतेक वेळा न सांगता. लाइट गेली की आपण आधी खिडकीतून डोकावतो आणि शेजाऱ्याला विचारतो, 'तुमची पण गेली का?' सगळ्या गल्लीचीच गेली आहे असं कळलं की निम्मी काळजी मिटते. आपल्या एकट्याची गेली असती तर फ्यूज बघावा लागला असता.

उन्हाळ्यात लाइट गेली तर माणसं बाहेर येतात. अंगणात, गच्चीवर, पारावर बसतात, पुठ्ठ्यानं वारा घेतात, गप्पा मारतात. थंडीत तसं होत नाही. आमच्या सातारा-कराडकडं डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि सातपर्यंत नीट उजाडत नाही. तेरा तासांची रात्र. उत्तरेकडच्या बर्फातली ही थंडी नव्हे, हे मान्य. पण कृष्णाकाठचा पहाटेचा गारठा ज्यानं अनुभवला आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. अशा रात्री वीज नसताना घरात सुखानं कसं राहायचं, ही एके काळी शिकवावी न लागणारी विद्या होती. इतिहासाच्या पुस्तकांत धरणं येतात, वीजकेंद्रं येतात, उद्‌घाटनांच्या तारखा येतात. ही तेरा तासांची रात्र घराघरात कुणी कशी काढली, ते मात्र येत नाही. मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए.च्या पलीकडं शिकलेलो नाही. पण माझ्या गावाच्या दोन बाजूंना या रात्रीचा इतिहास घडला आहे. एका बाजूला कंदिलाचा कारखाना झाला आणि दुसऱ्या बाजूच्या नदीवर विजेचा. त्या दोघांची गोष्ट मला सांगायची आहे.

आधी तेलाबद्दल थोडं. रॉकेल येण्यापूर्वी आपल्याकडं दिवे जळायचे ते करडईच्या, एरंडाच्या, करंजाच्या तेलावर. पणती, समई, लामणदिवा ही नावं देवघरामुळं टिकली, पण एके काळी ती नुसती घरातली दिव्याची नावं होती. गोडं तेल खायचं की जाळायचं, हा गरिबाच्या घरातला रोजचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर बहुधा लवकर झोपणं हेच असायचं. १८५९ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात तेलाची विहीर लागली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेचं आणि मग रशियाचं जमिनीतलं तेल मुंबई बंदरात उतरू लागलं. ते पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून यायचं. तेल संपायचं, डबा उरायचा. त्या डब्यानं आपल्या घरात इतकी जागा मिळवली की पाणी भरायला डबा, धान्याला डबा, तुळस लावायला डबा, आणि डबे कापून पत्रे केले तर छपराला ठिगळ.

शब्दही त्या तेलाबरोबर आले. 'रॉक ऑइल'चं रॉकेल झालं आणि 'गॅसलाइट'चं घासलेट. आमच्याकडं रॉकेल म्हणतात, मुंबई-कोकणात घासलेट. कंदील हा शब्द अरबीतून आला, आणि अरबीत तो ग्रीक-लॅटिनमधून गेला होता, म्हणजे मेणबत्तीच्या इंग्रजी शब्दाचा तो लांबचा चुलतभाऊ. मशाल अरबी, चिमणी इंग्रजी. बिनकाचेच्या छोट्या पत्र्याच्या दिव्याला 'चिमणी' म्हणून आपण तो शब्द असा काही घरचा करून टाकला की लहानपणी मला वाटायचं, ज्योत चोचीसारखी दिसते म्हणून ते नाव असणार. काळा धूर ओकणारी ती चिमणी गरिबाचा दिवा होती. कंदील त्याच्या वरची पायरी.

कंदील सुरुवातीला परदेशी होते. दोन बाजूंना पत्र्याच्या नळ्या आणि मधे काच, अशी जी आकृती आपल्या डोळ्यांपुढं येते, ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घडली. पुष्कळांना वाटतं की त्या नळ्या कंदील धरायला आहेत. त्या हवेसाठी असतात. वरची हवा नळ्यांतून खाली वातीपर्यंत येते, म्हणून वाऱ्याची झुळूक लागली तरी ज्योत विझत नाही आणि धूरही कमी होतो. गोठ्यात, शेतावर, अंगणात नेता येईल असा दिवा त्यामुळं पहिल्यांदाच सामान्य माणसाच्या हातात आला. समई घेऊन कुणी गोठ्यात जात नाही.

मग स्वदेशीचे दिवस आले. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथं काचेचा कारखाना निघाला. कंदिलाचा जीव काचेत असतो आणि काच आपल्याला करता येत नव्हती, हे तेव्हाच्या लोकांनी नेमकं ओळखलं होतं. १९१६ साली ओगले बंधूंनी कराडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत ओगले ग्लास वर्क्स सुरू केला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्याआधी १९१० साली किर्लोस्करांनाही आपल्या संस्थानात माळावर जागा दिली होती, त्याची किर्लोस्करवाडी झाली. इथं ओगलेवाडी झाली. एवढ्याशा संस्थानानं दोन कारखान्यांना जागा दिली आणि दोन्ही ठिकाणी गाव वसलं, रेल्वे स्टेशनच्या आसऱ्यानं वाढलं. याच ओगलेवाडीत पुढं 'प्रभाकर' कंदील तयार होऊ लागला. प्रभाकर म्हणजे सूर्य. रात्री पेटवायच्या वस्तूला सूर्याचं नाव देणाऱ्याला मी कवीच म्हणेन.

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत प्रभाकर कंदील होता. कराडात तर असायलाच हवा. माझे आजोबा स्टो आणि कंदील दुरुस्त करायचे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं छोटं दुकान होतं. त्यामुळं आमच्या घरात दिव्यांबद्दलचे नियम इतर घरांपेक्षा कडक होते. कंदील दिवसा भरायचा, अंधारात कधीही नाही. टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही, थोडी रिकामी ठेवायची. वात कात्रीनं सरळ कापायची आणि दोन्ही कोपरे किंचित उडवायचे, म्हणजे ज्योत पानासारखी गोल येते, शिंगं फुटत नाहीत. शिंगं फुटलेली ज्योत काच काळी करते. काच चुलीतल्या बारीक राखेनं आणि मऊ फडक्यानं पुसायची, पण गार झाल्यावरच. गरम काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकलीच. पेटवल्याबरोबर वात मोठी करायची नाही. आधी लहान, काच तापू द्यायची, मग हळूहळू वर. आजोबा म्हणायचे की फुटलेल्या काचांपैकी निम्म्या घाईनं फुटतात.

ही कामं कोण करायचं? घरातल्या बायका आणि मुली. उन्हं उतरायच्या आधी ओसरीवर कंदील, चिमण्या ओळीनं मांडून त्यांच्या काचा पुसल्या जायच्या. पुरुषांना रात्री आयता उजेड मिळायचा. जुन्या काळातल्या कंदिलाच्या उजेडाबद्दल मी स्वतःही गोड गोड कविता केल्या आहेत, तेव्हा हे सांगणं भाग आहे की त्या सुखाच्या मागं रोज अर्धा-पाऊण तास कुणाचे तरी हात राखेनं माखलेले असायचे आणि रात्रभर रॉकेलचा वास त्या हातांना यायचा.

उजेडाइतकीच ऊबही लागते. आमच्याकडची जुनी घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची. दिवसभर उन्हात तापलेली भिंत रात्री हळूहळू ऊब सोडते, त्यामुळं त्या घरात पहाटेपर्यंत फारसं गारठत नाही. नंतर पत्रे आले. पत्रा दुपारी भाजतो आणि रात्री बर्फ होतो. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून आपण तो घातला, पण ऊब गेली. घरात चुलीशेजारी वैल असायचा. जेवणं झाली की निखारे वैलात ओढायचे, त्यावर पाण्याचं भांडं ठेवायचं, आणि त्या भिंतीला पाठ लावून म्हाताऱ्या माणसांनी बसायचं. न्हाणीत तांब्याचा बंब. भुसा, शेणकूट, उसाची वाळकी चिपाडं, काहीही घाला, बंब पाणी देतो. त्याला वीज लागत नाही, म्हणून आजही कराडच्या बाजूच्या खेड्यांत बंब गेलेला नाही. पाहुण्यांना गिझर आणि घरच्यांना बंब, अशी घरं मी पाहिली आहेत.

पांघरायला वाकळ. पुण्याकडं गोधडी म्हणतात तीच. जुन्या लुगड्यांच्या, सदऱ्यांच्या, धोतरांच्या थरावर थर शिवलेली. धनगराची घोंगडी ज्याच्याकडं आहे तो श्रीमंत. आणि एक गोष्ट माझी दादी, म्हणजे आजी, नेहमी सांगायची की थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. अंगावर दोन वाकळा घेऊन कुडकुडणाऱ्यानं त्यातली एक अंगाखाली घ्यावी. शेणानं सारवलेली जमीन असो की शहाबादी फरशी, तिच्यावर आधी भाताचा पेंढा, मग पोतं, मग वाकळ. लाइट गेलेल्या थंडीच्या रात्री मी हा प्रयोग कितीदा केला आहे, आणि बहुमजली इमारतीतल्या टाइल्सवरही तो चालतो. पेंढ्याऐवजी वर्तमानपत्रांची जाड चळत घ्यायची.

दादीचा आणखी एक नियम होता, त्याला ती कुठलीही सवलत देत नसे. कोळशाची शेगडी झोपायच्या आधी उंबऱ्याबाहेर. घर गरम राहावं म्हणून दारं-खिडक्या लावून शेगडी आत ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, हे तिनं ऐकलं होतं. त्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, हे तिला माहीत नव्हतं. नियम मात्र बरोबर होता, आणि आज जनरेटर घरात किंवा बंद गॅलरीत लावणाऱ्यांनाही तो तितकाच लागू आहे.

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट. कराडात कृष्णेला कोयना मिळते. कोयना महाबळेश्वराच्या डोंगरातून निघून दक्षिणेला उतरते, हेळवाकाजवळ वळण घेऊन पूर्वेला आमच्याकडं येते. तिला वळणाजवळ अडवून तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं कोकणात टाकलं तर प्रचंड वीज होईल, ही कल्पना खूप जुनी होती. ती साकार झाली ती स्वातंत्र्यानंतर. १०३ मीटर उंचीचं धरण झालं, शिवाजीसागर भरला, पोफळीला डोंगराच्या आत वीजगृह झालं आणि १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली. पूर्वेला बंगालच्या उपसागराकडं जाणारं पाणी पश्चिमेला वाशिष्ठीत पडू लागलं. महाराष्ट्र राज्य नुकतंच जन्माला आलं होतं आणि कोयना त्याची भाग्यलक्ष्मी ठरली. मुंबईला त्याआधी टाटांची खोपोली, भिवपुरी, भिरा इथली जलविद्युत मिळत होती, पण वाढत्या कारखान्यांना आणि खेड्यापाड्यांतल्या पंपांना पुरेल अशी वीज कोयनेनं दिली. गावोगाव खांब आले. प्रभाकर कंदील खुंटीवरून माळ्यावर गेला.

पाणी भरू लागलं तसे त्या भागात भूकंपाचे लहान लहान धक्के जाणवू लागले. आणि ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मोठा धक्का बसला. रिश्टर मापकावर त्याची तीव्रता ६.३ ते ६.५ अशी नोंदवली गेली. कोयनानगर जवळजवळ जमीनदोस्त झालं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं मेली, हजारो जखमी झाली. धरणाला भेगा पडल्या, पण ते टिकलं. कोयनेची वीज बंद पडली आणि तिच्यावर चालणारे मुंबईतले कारखाने थांबले. धरणातल्या पाण्यामुळं भूकंपाला चालना मिळते का, या प्रश्नावर जगभर जी चर्चा झाली तिच्यात कोयनेचं नाव पहिल्या ओळीत असतं. त्या अभ्यासासाठी आज कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि २०१७ साली कोयना भागात तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन भूगर्भ तपासला गेला.

त्या पहाटेची एक गोष्ट कुठल्या अहवालात मला दिसली नाही, म्हणून ती इथं सांगतो. तो रमजानचा महिना होता. पहिला आठवडा नुकताच सरला होता. त्यामुळं चार-सव्वाचारच्या सुमारास, सगळं जग साखरझोपेत असताना, कराड, पाटण, चिपळूण, सातारा, सांगली या भागातल्या मुसलमान घरांतून सहरीसाठी चुली पेटलेल्या होत्या. रोजा धरण्यापूर्वीचं जेवण म्हणजे सहरी. माझा जन्म तेव्हा झालेला नव्हता. दादीकडून आणि अब्बांकडून मी ते ऐकलं आहे. अब्बा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. घरात बल्ब होता, पण स्वयंपाकघरात सहरीला दादी कंदीलच लावायची, लहान मुलं उठू नयेत म्हणून. धक्का बसला तेव्हा तिनं पहिल्यांदा पाहिला तो खुंटीवर झोके घेणारा कंदील. भांडी पडली. दगडी भिंतीतून माती गळू लागली. आजोबा पोरांना उचलत होते. दादी ओरडली, 'पैले बत्ती नीची कर!' अब्बांनी वात खाली ओढून कंदील विझवला, चुलीवर तिनं स्वतः हंड्यातलं पाणी उपडं केलं, आणि मग सगळे बाहेर पळाले.

लहानपणी मला ही गोष्ट विचित्र वाटायची. जीव वाचवायचा की दिवा विझवायचा? पण रॉकेलचा पेटता दिवा कोसळत्या घरात काय करतो, हे कंदील दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोला सांगायला नको होतं. हलत्या जमिनीवर तिनं दोन निर्णय घेतले आणि तेही योग्य क्रमानं.

बाहेर अंधार होता. रस्त्यावरचे दिवे गेले होते. गल्लीतली सगळी माणसं कृष्णेच्या दिशेनं, मोकळ्या जागेकडं निघाली. जागी असलेली माणसं आमची, म्हणून शेजारच्या दारांवर थापा मारत सुटलेलीही बरीचशी आमचीच, असं अब्बा सांगायचे. बाहेर आल्यावर तोच कंदील पुन्हा पेटवला गेला. काचेला तडा गेला होता, आजोबांनी तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली. कुणाकडं तरी ट्रान्झिस्टर होता, त्याच्याभोवती माणसं कोंडाळं करून बसली. काय झालं, कुठं झालं, ते हळूहळू कळत गेलं. सहरीची भाकरी घरातच राहिली होती. समोरच्या वाड्यातल्या काकूंनी पदराखाली आणलेल्या कालच्या दशम्या दादीच्या हातावर ठेवल्या. उजाडायच्या आत खाऊन घ्या म्हणाल्या, आणि दादीनं त्या दिवसाचा रोजा त्या दशमीवर धरला.

धक्के थांबत नव्हते. त्यामुळं पुढं कित्येक रात्री माणसं घरात झोपली नाहीत. डिसेंबरच्या कडाक्यात अंगणात, परसात, शेतात बारदानाचे, कडब्याचे आडोसे उभे राहिले. ज्या जाड भिंतींनी इतकी वर्षं ऊब दिली, त्यांचीच आता भीती वाटत होती. दगडावर दगड आणि मधे नुसती माती, ही भिंत हलली की आत कोसळते. कोयनेच्या खोऱ्यात माणसं मेली ती बरीचशी अशाच भिंतींखाली. पुढं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला तेच झालं. जुन्या घरातल्या ऊबदार रात्रींचं वर्णन करताना हा हिशेब सोडून देता येत नाही.

त्या उघड्यावरच्या दिवसांत दादीची पेंढ्याची विद्या सगळ्या गल्लीनं उचलली. खाली पेंढा जाड, त्यावर पोती, मग लहान मुलं मधे आणि मोठी माणसं कडेला. डोकं झाकायचं, पाय पोत्यात घालायचे. वाऱ्याच्या बाजूला कडब्याच्या पेंढ्या उभ्या करायच्या. शेकोटी आडोशापासून दहा हात लांब. रात्री एकच कंदील, तोही बारीक, रॉकेल पुरवायचं म्हणून. आजोबांचं दुकान मात्र त्या महिन्यात कधी नव्हे इतकं चाललं. माळ्यावर टाकलेले, गंजलेले, वाती कुजलेले प्रभाकर कंदील माणसं घेऊन आली. पाच-सहा वर्षांत विजेची इतकी सवय झाली होती की वात कुठून भरायची हे तरुण पोरींना दाखवावं लागलं, असं आजोबा सांगायचे.

आता ज्यांच्या जमिनीवर हे पाणी उभं राहिलं त्यांच्याविषयी. कोयनेच्या धरणानं हजारो कुटुंबं उठवली. कुणाला सोलापूर जिल्ह्यात पाठवलं, कुणाला सांगली, रायगड, ठाणे जिल्ह्यांत, कुणी तिथंच जलाशयाच्या काठानं वर डोंगरात सरकलं. पुनर्वसनाचे त्यांचे प्रश्न दोन-तीन पिढ्या चालू राहिले, त्यासाठी मोर्चे निघाले, धरणी धरली गेली. आणि ज्या खोऱ्यातून मुंबईला वीज गेली, त्याच खोऱ्यातल्या अनेक वाड्यांना स्वतःच्या घरात बल्ब लागायला त्यानंतर कित्येक वर्षं वाट पाहावी लागली. जलाशयापलीकडच्या एका वाडीत मी तरुणपणी कवितेच्या निमित्तानं मुक्कामाला गेलो होतो. थंडीचे दिवस होते. यजमानांनी माझ्यासाठी घरातला एकुलता एक कंदील ठेवला आणि स्वतः चिमणीवर जेवले. कंदिलाच्या तळाशी बोटानं चाचपलं तर ओगलेवाडीची अक्षरं लागली. आम्ही 'लाइट गेली' म्हणतो, तिथल्या आजीबाई म्हणाल्या, 'आमची आलीच न्हाई तर जाईल कशी?'

पुढची पाळी सगळ्या महाराष्ट्राची होती. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ साली बंद पडला, मागणी वाढत गेली, नवी वीजकेंद्रं वेळेवर उभी राहिली नाहीत. ६ जून २००५ ला वीज मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्या झाल्या, पण वीज वाढली नाही. तूट काही काळ चार-पाच हजार मेगावॉटच्या घरात गेली. त्या वर्षांनी मराठीला एक शब्द दिला, भारनियमन. वर्तमानपत्रांत कुठल्या भागाची कधी जाणार त्याचं वेळापत्रक छापून यायचं, आणि लोक पंचांगासारखं ते कापून भिंतीला चिकटवायचे. मुंबईला बहुतेक झळ लागली नाही. पुण्यानं २००६ साली कारखान्यांचे जनरेटर वापरून थोडी वेगळी वाट काढली. खेड्यांत मात्र दहा-दहा, बारा-बारा तास अंधार. आणि हे संकट उन्हाळ्यापुरतं नव्हतं. पाऊस संपला की रब्बीचे पंप सुरू होतात, ऊस पाणी मागतो, म्हणून आमच्याकडं ऐन थंडीतही विजेची ओढाताण असायची. दहावी-बारावीची पोरं थंडीच्या पहाटे उठून अभ्यासाला बसायची आणि नेमकी तेव्हाच जायची.

तेव्हा माणसांनी घरं कशी चालवली ते मी पाहिलं आहे. ज्यांना परवडलं त्यांनी इन्व्हर्टर घेतले. बाकीच्यांनी चिनी बनावटीचे चार्जिंगचे दिवे. ते सहा महिन्यांत मरायचे. माझ्या पत्नीनं भारनियमनाच्या वेळापत्रकावरून घराचं वेळापत्रक केलं. मिक्सरची कामं, पंपानं पाणी चढवणं, इस्त्री, सगळं आधी. संध्याकाळचा स्वयंपाक दिवस असताना. थर्मासमध्ये चहा आणि गरम पाणी. रात्री सगळं घर एकाच खोलीत, कारण चार माणसांच्या श्वासानंही खोली तापते आणि एकच दिवा पुरतो. जेवताना बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, कधी हुरडा. पोरं कुरकुरायची, पण त्याच खोलीत मी त्यांना कोयनेची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, 'मग दादीची भाकरी घरातच राहिली का?'

डिसेंबर २०१२ मध्ये महाराष्ट्राचा बहुतेक भाग भारनियमनमुक्त झाल्याचं जाहीर झालं. कोयनेची क्षमता आता १९६० मेगावॉट आहे. ओगलेवाडीचा कारखाना बंद झाला, स्टेशन आणि नाव राहिलं. आजोबांच्या दुकानात आता मोबाइलचं साहित्य मिळतं. आमच्याकडचा शेवटचा प्रभाकर अजून चालतो. त्याला काच मिळते, वात मिळते, रॉकेल मात्र गल्लीत कुठं मिळत नाही. म्हणून तो धुऊन-पुसून ठेवलेला आहे, टाकी कोरडी.

घरची लाइट आता क्वचित जाते. पण शेतीची वीज अजून पुष्कळ ठिकाणी पाळीनं येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. सौर वाहिन्यांमुळं काही भागांत दिवसा वीज मिळू लागली आहे, माझ्या मावसभावाच्या शेतापर्यंत ती आलेली नाही. त्याची गव्हाची पट्टी नदीकाठाला आहे. रात्रीची पाळी असली की तो अकराला निघतो. डोक्याला मफलर, पायात गमबूट, हातात बॅटरी. गार पाण्यात उभं राहून वाफे बदलतो, साप-विंचवाकडं लक्ष ठेवतो, पहाटे परततो. गाव सगळं उजळलेलं असतं आणि तो एकटा अंधारात असतो. त्याची बायको झोपण्यापूर्वी बंबात चिपाडं रचून ठेवते, काडी लावायची तेवढी बाकी, आणि त्याची वाकळ वैलाजवळच्या भिंतीला टेकवून ठेवते, म्हणजे पहाटेपर्यंत ती गरम राहते.